गाडी चालवताना डोळा लागणं: तुमचे, घरच्यांचे अनुभव लिहा

आमच्या बिल्डिंगमधला मुलगा रात्रपाळी करून घोडबंदर रोडने बाईकवर येताना डिव्हायडरला धडकला. दारू नाही, खड्डा नाही, नुसती झोप. वाचला, पण पायात रॉड आहे. कायद्याने १०० मिली रक्तात ३० मिग्रॅ अल्कोहोलची मर्यादा आहे, नाकाबंदीत फुंकायला लावतात, आणि सलग १७-१८ तास जागलेला माणूस ५० मिग्रॅवाल्याइतका ढिला पडतो हे अभ्यासातून दिसलंय, त्याला कोण अडवणार? तुमच्याकडे काय घडलंय ते प्लीज लिहा.

महापे, नाईट शिफ्ट
आमचा ड्रॉप (ऑफिसच्या गाडीने घरी सोडणं) पहाटे साडेतीन-चारला, झोप सगळ्यात अनावर होते तीच वेळ. एक ड्रायव्हर दादा दिवसा दुसरीकडे ड्युटी करून यायचे, मी मुद्दाम पुढे बसून बोलत राहायचे, पण ते "हां मॅडम" म्हणतायत आणि गाडी हळूहळू लेन सोडतेय असं पामबीचवर बघितलंय. ऐंशीच्या स्पीडला चार सेकंद डोळा लागला तरी गाडी जवळपास ९० मीटर जाते. त्यांच्यावर राग नाही आला, दोन मुलींची फी भरत होते.

कळंबोली
वडील ट्रेलर चालवतात, न्हावाशेवा बंदराची लाईन. गेटबाहेर तासन्‌तास रांग, ठाण्यात दिवसा अवजड गाड्यांना बंदीच्या वेळा, म्हणून उन्हात तापलेल्या केबिनमध्ये पडून राहायचं आणि रात्री गाडी काढायची. त्या केबिनमध्ये झोप लागते का कोणाला? १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात (२०२५ मध्ये त्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली) दिवसाला ८ तास काम आणि सलग ५ तासांनंतर अर्धा तास विश्रांती लिहिली होती. पूर्वी क्लीनर तरी सोबत असायचा, आता बाबा एकटेच. अपघात झाला की पेपरात "चालकाचा ताबा सुटल्याने" एवढंच येतं.

डोंबिवली
समृद्धी महामार्गाला आमनेवरून चढलात की दुपारी भरपेट जेवून निघू नका. सरळ रस्ता, सिग्नल नाही, दोन ते चार फार वाईट.

कळवा
आमचे हे रिक्षा चालवतात. रात्री आठ तास झोपूनही सिग्नलला डुलकी, लोक आळशी म्हणायचे. घोरणं प्रचंड, मध्येच श्वास थांबायचा, मी उठून हलवायचे. झोपेची तपासणी केली तर स्लीप ॲप्निया निघाला. आता मशीन लावून झोपतात, डुलक्या बंद. घोरणाऱ्या ड्रायव्हरच्या बायकांनो, हे हसण्यावारी नेऊ नका.

ऐरोली, ट्रान्सपोर्ट डेस्क
चहा मारून लगेच निघणाऱ्यांसाठी: कॅफिन चढायला वीस-तीस मिनिटं लागतात, तोवर गाडी बाजूला लावून पंधरा-वीस मिनिटं झोपाच. आम्ही ड्रायव्हरसाठी ऑफिसच्या खाली चार खाटा आणि पंखा मिळवला, आणि दिवसा दुसरीकडे गाडी चालवलेल्याला रात्रीचा ड्रॉप देत नाही. गाड्या पुरवणारा व्हेंडर कुरकुरला, पण मानला. कोणाला आपल्या ऑफिसात हे मागायचं असेल तर आम्ही दिलेलं पत्र इथे टाकते.