कोल्हापूरच्या कळंबा जेलमध्ये कोण जास्त आहे हे मोजायचं, की तिथवर कोण कसं पोचतं हे? (प्रबंधासाठी मदत हवीय)

पंचगंगाकाठची:
नमस्कार मंडळी. मी कोल्हापुरात एलएलएमच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रबंधाचा विषय असा घेतलाय की पोलीस ठाण्यापासून जेलपर्यंतच्या प्रवासात विमुक्त-भटक्या जमातीच्या (म्हणजे ब्रिटिशांनी जन्मानं गुन्हेगार ठरवलेल्या आणि फिरस्त्या) लोकांना वेगळी वागणूक मिळते का, आणि मिळत असेल तर नेमकी कुठल्या टप्प्यावर. गाईड सर म्हणाले विषय चांगलाय पण पुरावा काय दाखवणार, नुसती हळहळ चालणार नाही. त्यांचं बरोबरच आहे.

मी सुरुवात एनसीआरबीच्या (केंद्राचा गुन्हे नोंद विभाग) कैद्यांच्या आकडेवारीपासून केली. २०२२ मध्ये देशभरात ५,७३,२२० कैदी आणि त्यातले ४,३४,३०२ कच्चे, म्हणजे दर चारातल्या तिघांचा गुन्हा अजून सिद्धच झालेला नाही. पुढं एससी, एसटी, ओबीसी, धर्म असे तक्ते आहेत. पण विमुक्त हा रकानाच नाही. आपल्याकडं फासेपारधी एसटीत, कंजारभाट, कैकाडी, बेरड, रामोशी विमुक्त जाती अ मध्ये, मांग गारुडी एससीत, त्यामुळं सगळे वेगवेगळ्या रकान्यांत विरघळून जातात. जनगणनेतही त्यांची वेगळी मोजणी नाही, मग लोकसंख्येत किती आणि जेलमध्ये किती ही तुलना करायची तरी कशाच्या जोरावर?

आणि पेपरात रोज "सराईत टोळी" म्हणून जमातीच्या नावासकट बातमी येते, ती वाचून माझ्याच घरात लोक म्हणतात "ते तसलेच". मला हे नीट, कागदावर मांडायचंय. माहिती अधिकारात काय मागू, कळंबा जेलमध्ये मुलाखतींची परवानगी मिळते का, आणि वस्तीवर जाऊन बोलायचं तर कसं, कुणी सांगेल का?

वकील_कसबा_बावडा:
ताई, विषय घेतलास ते लई चांगलं केलंस. पण जेलमधली डोकी मोजण्यात वर्ष घालवू नकोस. उद्या कुणीही म्हणेल की जास्त आहेत कारण जास्त गुन्हे करतात, आणि तुझ्याकडं त्याला उत्तर नसेल. डोकी मोजून शेवट कळतो, वाट कळत नाही.

त्यापेक्षा एकच कलम धर आणि एकसारख्या केसेस शेजारी ठेव. साधी चोरी, भारतीय न्याय संहितेचं ३०३(२), जास्तीत जास्त तीन वर्षं. घरातली चोरी ३०५, सात वर्षांपर्यंत. सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात अटक आपोआप करायची नसते, कारण लिहायला लागतं, नाहीतर नागरिक सुरक्षा संहितेच्या (अटक, जामीन वगैरेचा कायदा) ३५(३) ची नोटीस देऊन बोलवायचं. सुप्रीम कोर्टाचा अर्नेश कुमार निकाल २०१४ चा आहे, तो यासाठीच. आता एकाच तालुक्यातल्या ३०३ आणि ३०५ च्या केसेस घे आणि बघ की नोटीस कुणाला मिळाली आणि थेट अटक कुणाला झाली, पोलीस कोठडी किती दिवसांची मागितली, जामीन कितव्या दिवशी झाला, आणि जामीन झाल्यावर माणूस प्रत्यक्ष बाहेर कधी आला. गुन्हा तोच, रक्कम साधारण तीच, आधीचे गुन्हे नाहीत, आणि तरी फरक दिसला तर त्याला कुणी "ते तसलेच" म्हणू शकत नाही.

शेवटचा टप्पा तर सगळ्यात दुर्लक्षित आहे. माझ्याकडं अशी माणसं येतात ज्यांना जामीन मिळालेला असतो, ऑर्डर हातात असते, पण जामीनदार नाही. पालावर राहणाऱ्याकडं सातबारा कुठला आणि घरपट्टीची पावती कुठली, आणि नातेवाईक उभा राहिला तर तो दुसऱ्या जिल्ह्यातला निघतो. १९७८ च्या मोतीराम निकालात न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी नेमकं हेच झापलंय. एका गवंड्याला दहा हजारांचा जामीनदार मागितला आणि भाऊ उभा राहिला तर त्याची मालमत्ता परजिल्ह्यात म्हणून नाकारला. इतकी वर्षं झाली तरी कोर्टाच्या पायरीवर मला तेच दिसतं.

आता तुझ्या कामाची गोष्ट. ३१ जानेवारी २०२३ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की जामीन होऊन सात दिवसांत कैदी सुटला नाही तर जेल अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या (गरिबांना मोफत वकील देणारं) सचिवांना कळवायचं, आणि महिनाभरात जामिनाची पूर्तता झाली नाही तर कोर्ट स्वतःहून अटी सैल करायचा विचार करू शकतं. म्हणजे जामीन असूनही आत बसलेल्यांचा कागद विधी सेवा प्राधिकरणाकडं असायला पाहिजे. तो माग. नसेल तर "नाही" असं लेखी उत्तर घे, तेसुद्धा प्रबंधात वापरता येतं. तसंच नागरिक सुरक्षा संहितेचं ४७९ कलम बघ, पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्याला शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढल्यावर सोडायची तरतूद आहे, तिचा लाभ कुणाच्या फाईलपर्यंत पोचला ते विचार.

आणि हो, आता मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच इथंच कोल्हापुरात सीपीआर दवाखान्यासमोर आहे, ऑगस्ट २०२५ पासून. साताऱ्यापासून सिंधुदुर्गापर्यंतचे सहा जिल्हे. जामिनाच्या ऑर्डरी वाचायला मुंबईची वारी नको.

पालावरचा_मास्तर:
वकीलसाहेबांनी सांगितलं ते कागदावरचं, ते पाहिजेच. पण ताई मी त्याच समाजातला हाय, शाळेवर शिक्षक हाय, म्हणून सांगतो, आमच्याकडं जे होतं त्यातलं निम्मं कागदावर येतच नाही.

जवळपास कुठंतरी घरफोडी झाली की पहाटे जीप येते. कुणाचं नाव नसतं, एफआयआरमध्ये "अनोळखी आरोपी" लिहिलेलं असतं. जीपमधनं उतरून पहिला प्रश्न "रात्री कुठं होतास" हा नसतो, "मोटरसायकलचे कागद दाखव" हा असतो. कागद नाहीत म्हटलं की मोटरसायकल ठाण्यात आणि मागनं पोरगा पण ठाण्यात. बायका पोरांची कापडं आणि भाकरी बांधून दारात बसत्यात. दोन दिवस, कधी तीन दिवस. मग सोडतात, किंवा ज्या दिवशी सोडायचं त्या दिवशी अटक दाखवतात. चोवीस तासांत कोर्टापुढं न्यायचं हे सगळ्यांना माहीत हाय, पण ते चोवीस तास कधीपासून मोजायचे ते लिहिणाऱ्याच्या हातात. माझ्या चुलतभावाला एका ठाण्यात असंच बसवून ठेवलं होतं, तो उसाच्या फडात तोडणीला होता आणि मुकादमाची हजेरी वही त्याचा साक्षीदार होती. ती वही कुणी बघितली नाही. घरच्यांनी उचल फेडायला ठेवलेले पैसे वकिलाला आणि येण्याजाण्याला गेले, तोडणीचा हंगाम बुडाला. गुन्हा दाखलच नाही, त्यामुळं तुझ्या कुठल्याच तक्त्यात तो येणार नाही.

म्हणून वस्तीवर आलीस की "तुझ्यावर केस आहे का" असं विचारू नको. "गेल्या वर्षात घरातलं कुणी ठाण्यात रात्र काढून आलं का, आणि पैसे किती मोडले" असं विचार. बायकांना विचार, तारखा त्यांच्या लक्षात असतात, कारण कुठलं डोरलं कधी गहाण पडलं ते त्या विसरत नाहीत. आणि पहिल्या दिवशी फॉर्म, रेकॉर्डर, मोबाईल काही काढायचं नाही. आमच्या लोकांनी अंगठे आणि फोटो फक्त ठाण्यात दिल्यात, त्यामुळं कागद बघितला की माणूस गप होतो. नावं लिहू नको, वस्तीचं नावसुद्धा नको. तू प्रबंध करून मोकळी होशील, त्यांना त्याच ठाण्याच्या हद्दीत राहायचंय.

एक निकाल जरूर वाच. २००३ मध्ये मराठवाड्यात एका शेतातल्या घरावर दरोडा, खून आणि बलात्कार झाला, भयंकर प्रकार होता. सहा भटक्या समाजातले मजूर पकडले, २००९ मध्ये सुप्रीम कोर्टानं सहाही जणांना फाशी धरली. मग ५ मार्च २०१९ ला त्याच कोर्टानं सहाही जणांना निर्दोष सोडलं, प्रत्येकी पाच लाख भरपाई द्यायला लावली. वाचलेल्या साक्षीदार बाईनं पोलिसांच्या फोटो अल्बममधनं चार वेगळेच लोक ओळखले होते, त्यांचा तपासच झाला नव्हता. सोळा वर्षं गेली. त्या घरातल्यांनाही न्याय मिळाला नाही आणि ह्यांनाही नाही. हे वाचल्यावर मला दोन रात्री नीट झोप लागली नव्हती.

निवृत्त_हवालदार:
खात्यात आयुष्य गेलं माझं, म्हणून दुसरी बाजू पण ऐका. चोरी झाली की वरनं रोज विचारणा, डिटेक्शन किती, रिकव्हरी किती. हाताखाली माणसं कमी, बंदोबस्त रोजचा. तपासाला सवड नसली की माणूस रजिस्टर उघडतो आणि रजिस्टरमध्ये जी नावं आधीपासून आहेत त्यांच्याकडंच जातो. सगळे जातीच्या रागानं करतात असं नाही. पण मास्तर म्हणतात ते खोटं आहे असंही मी म्हणणार नाही, मी ते बघितलंय.

तुम्हाला कामाचं सांगतो. चॅप्टर केसेस बघा. पूर्वीचं फौजदारी संहितेचं १०९, ११० आणि आताचं नागरिक सुरक्षा संहितेचं १२८, १२९. चांगल्या वर्तणुकीचा बंधपत्र घ्यायचा असतो, ११० च्या जागी जे १२९ आलं त्यात तीन वर्षांपर्यंत. सण, निवडणूक आली की आकडा पूर्ण करायला ह्याच वस्त्यांतली नावं जातात. हे प्रकरण कोर्टात चालत नाही, कार्यकारी दंडाधिकाऱ्यापुढं चालतं, म्हणजे तहसीलदार किंवा प्रांत. तिथली रजिस्टरं कुणी अभ्यासक उघडून बघत नाही. एकच नाव दरवर्षी येतंय का, आणि त्या माणसाला कधी शिक्षा झाली होती का, एवढं जुळवलंत तरी पुष्कळ झालं. हद्दपारीचे प्रस्ताव पण, महाराष्ट्र पोलीस कायदा ५५ ते ५७. आणि दारूबंदीचं ६५ ई, हातभट्टीच्या रेडचा दिवस आणि वस्ती बघा. भोपाळच्या क्रिमिनल जस्टिस अँड पोलीस अकाउंटॅबिलिटी प्रोजेक्टनं मध्य प्रदेशातल्या अबकारी केसेसचे एफआयआर वाचून असाच अभ्यास केलाय, पद्धत तिथनं उचला.

हिस्ट्रीशीटबद्दल (पोलीस ज्यांच्यावर नजर ठेवतात त्यांची नोंद) ७ मे २०२४ चा अमानतुल्ला खान निकाल वाचा. मागास समाजातल्या निरपराध लोकांची नावं यांत्रिकपणे त्यात चढतात असं खुद्द सुप्रीम कोर्ट म्हणतंय, आणि सगळ्या राज्यांना आपले नियम तपासायला सांगितलंय. आपल्या जिल्ह्यात त्यानंतर किती नावं वगळली हा माहिती अधिकाराचा एक नंबर प्रश्न आहे.

दप्तरखाना:
दोन गोष्टी जोडतो.

माहिती अधिकाराचा अर्ज महाराष्ट्रात एका विषयाचा आणि दीडशे शब्दांचा असतो, दहा रुपये फी. सगळे प्रश्न एकाच अर्जात कोंबले की परत येतो. नावं मागू नका, फक्त संख्या मागा, कलमवार आणि महिनावार, म्हणजे खासगी माहिती म्हणून नाकारता येत नाही. तीस दिवस झाले की लगेच पहिलं अपील, वाट बघत बसू नका. कळंब्याच्या मुलाखतींसाठी पुण्याच्या कारागृह मुख्यालयाची परवानगी लागते, कॉलेजच्या पत्रासकट अर्ज आत्ताच टाका, पण प्रबंध त्याच्यावर अवलंबून ठेवू नका. सुटून आलेली माणसं जास्त मोकळं बोलतात. जेलबद्दल लिहिताना ३ ऑक्टोबर २०२४ चा सुकन्या शांता निकाल लागेलच. जातीवर कामं वाटणारे जेल मॅन्युअलमधले नियम कोर्टानं रद्द केले, जेलच्या रजिस्टरातला जातीचा रकाना काढायला सांगितला आणि विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक होऊ नये असंही पोलिसांना बजावलं.

दुसरं म्हणजे इतिहास, आणि तो कोल्हापुरात बसून लिहिताना सोडू नका. गुन्हेगार जमाती कायदा १८७१ चा, पुढं १९११ आणि १९२४ मध्ये वाढवला. जन्मानंच गुन्हेगार ठरवायचं, पोलिसांपुढं हजेरी द्यायला लावायची, सोलापुरासारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणात सेटलमेंट, म्हणजे कोंडून ठेवायची वसाहत. तो रद्द झाला ३१ ऑगस्ट १९५२ ला, आणि मुंबई राज्यानं १९५९ मध्ये सराईत गुन्हेगार कायदा केला. २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेदविरोधी समितीनं असे कायदे रद्द करा म्हणून भारताला सांगितलंय. पण ब्रिटिश मुलखात हजेरी जोरात चालू होती तेव्हा आपल्या संस्थानात शाहू महाराजांनी १९१८ मध्ये महार, मांग, रामोशी, बेरडांची हजेरी बंद केली होती, आणि फासेपारध्यांना सोनतळीला घरं आणि पहाऱ्याचं काम दिलं होतं. ज्यांना सरकार चोर म्हणत होतं त्यांच्यावर स्वतःच्या राखणीचा विश्वास टाकला. इथल्या पुराभिलेखागारात शाहूकालीन हुकूम आहेत, मोडी वाचणारा सोबत न्या.

पंचगंगाकाठची:
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कुणी वर्गात सांगितलं नव्हतं. मग असं करते, मूळ प्रश्नच बदलते. जेलमध्ये किती हे बाजूला ठेवून एकाच तालुक्यातल्या ३०३ आणि ३०५ च्या केसेस, नोटीस की अटक, जामीन आणि सुटका यातलं अंतर, सोबत प्रांत ऑफिसमधली १२९ ची रजिस्टरं, आणि तिसऱ्या भागात वस्तीवरच्या बायकांशी बोलणं.

एक अडचण. केसच्या कागदावरून आरोपी विमुक्त समाजातला आहे हे ओळखायचं कसं? आडनावावरून करायचं मला पटत नाही.

वकील_कसबा_बावडा:
आडनावावरून अजिबात नको, काळे, पवार, शिंदे, भोसले सगळ्या समाजांत आहेत. अटक फॉर्ममध्ये धर्म आणि एससी, एसटी वगैरे विचारलेलं असतं पण विमुक्त त्यातनं कळणार नाही. पत्ता आणि वस्ती बघ, आणि मास्तरांना विचारून खात्री कर. ज्याची खात्री होत नाही ती केस वेगळ्या ढिगात ठेव आणि प्रबंधात तसं स्पष्ट लिही.

पालावरचा_मास्तर:
मी हाय की. नावं माझ्याकडं पाठवू नको, फाईल घेऊन समोर बस, बघून सांगतो. आणि वस्तीवर यायचं असेल तर दिवाळीच्या आधी ये, नंतर निम्मी घरं ऊसतोडीला गेलेली असतात, मार्चशिवाय कुणी गाठ पडायचं नाही.