शिकागोतील घरासमोरच्या पदपथावरील बर्फ काढण्याची जबाबदारी नेमकी कोणाची?

प्रश्न – ताराबाई पार्ककर

नमस्कार. मी कोल्हापूरच्या ताराबाई पार्क भागात राहणारा निवृत्त बँक कर्मचारी आहे. माझ्या मुलाने शिकागो शहराच्या हद्दीत स्वतंत्र घर घेतले असून येत्या जानेवारीत तो आणि सूनबाई कामानिमित्त परगावी असताना आम्ही उभयता त्या घरात राहणार आहोत. बर्फ पडल्यास घरासमोरचा पदपथ ठरावीक वेळेत मोकळा करावा लागतो, अन्यथा दंड होतो, अशी सूचना त्याने आताच देऊन ठेवली आहे. आवारातील बर्फ आपण काढायचा, हे मला पटते. परंतु पदपथ सार्वजनिक, त्यावरून चालणारे लोक सार्वजनिक आणि मालमत्ता कर तर आपण भरतोच; मग त्याची सफाई घरमालकाने का करावी, हे काही केल्या उमगत नाही.

जाणकारांनी कृपया सांगावे, की किती वेळात बर्फ काढणे बंधनकारक आहे, मालक गावात नसताना घरात राहणाऱ्या आमच्यासारख्यांवर ती जबाबदारी येते का, आणि एखादा पादचारी तेथे घसरून पडला तर भरपाई कोणाकडे मागितली जाते. शिवाय एक जिज्ञासा अशी, की पंचगंगेचा पूर ओसरल्यावर शाहूपुरी-लक्ष्मीपुरीत दुकानांसमोर जो गाळ साचतो, त्याबाबत आपल्याकडे असा काही नियम आहे का?

उत्तर – उत्तरेश्वर ते शिकागो

काका, नमस्कार. मी मूळचा उत्तरेश्वर पेठेतला असून शिकागोत घर असल्यामुळे हा नियम दर हिवाळ्यात पाळतो. शहराच्या नियमानुसार सकाळी 7 ते सायंकाळी 7 या वेळेत पडलेला बर्फ त्याच रात्री 10 वाजेपर्यंत आणि सायंकाळी 7 नंतर रात्रभरात पडलेला बर्फ सकाळी 10 वाजेपर्यंत काढावा लागतो. शनिवार-रविवारची सवलत नाही. केवळ एका माणसापुरती पायवाट काढून भागत नाही. चाकाची खुर्ची किंवा बाळाची ढकलगाडी नीट जावी यासाठी किमान 5 फूट रुंदीचा पट्टा मोकळा असावा लागतो, आणि घर कोपऱ्यावर असेल तर दोन्ही बाजूंचे पदपथ व रस्ता ओलांडण्याचा उतारही त्यात येतो. काढलेला बर्फ रस्त्यावर, शेजाऱ्याच्या बाजूला किंवा अग्निशमनाच्या नळाभोवती लोटणे हाही नियमभंगच आहे. दंड दिवसाला 50 ते 500 डॉलर इतका होऊ शकतो.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर थोडे अडचणीचे आहे. नियमात केवळ मालक नव्हे, तर भाडेकरू, तेथे राहणारी व्यक्ती आणि ज्याच्या ताब्यात जागा आहे अशी अन्य व्यक्ती, या सर्वांचा उल्लेख आहे. त्यामुळे ‘आम्ही पाहुणे आहोत’ हे उत्तर फारसे उपयोगी पडणार नाही, आणि दंडाची पावती बहुधा मुलाच्याच नावाने येईल, हे वेगळे.

घरमालकाने का करावे, याचे व्यवहारी कारण असे, की बर्फ पडू लागला की शहराची सारी यंत्रणा आधी मुख्य रस्ते, मग गल्ल्या अशा क्रमाने रस्त्यांमागे लागते, आणि सर्व घरांसमोरचे पदपथ काही तासांत साफ करू शकेल इतकी माणसे शहराकडे नसतात. दोन दिवस तुडवला गेलेला बर्फ दगडासारखा घट्ट होतो आणि मग फावड्याने निघत नाही. म्हणून सारा भर वेळेवर आहे. अर्थात ही व्यवस्था अपरिहार्य आहे असे मी म्हणणार नाही. कॅनडातील टोरांटो शहर आता बहुतेक सर्व पदपथांवरील बर्फ स्वतःच यंत्रांनी काढते. हा शेवटी पैशांचा आणि प्राधान्याचा प्रश्न आहे, आणि माझ्या मते वृद्धांची संख्या वाढत असलेल्या शहरांना आज ना उद्या तेच करावे लागेल.

उत्तर – न्यूयॉर्कनिवासी

वरील माहितीत एवढीच भर घालतो, की अमेरिकेत याबाबत देशभर एकच कायदा नाही, तेव्हा नातेवाइकांच्या शहरातील नियम आपल्यालाही लागू आहे असे कोणी गृहीत धरू नये. न्यूयॉर्क शहरात बर्फ सकाळी 7 ते सायंकाळी 5 च्या दरम्यान थांबला तर 4 तासांत, सायंकाळी 5 ते रात्री 9 च्या दरम्यान थांबला तर 14 तासांत, आणि त्यानंतर रात्रीत थांबला तर सकाळी 11 पर्यंत पदपथ मोकळा करावा लागतो. येथे घड्याळ बर्फ थांबल्यावर सुरू होते, हे लक्षात घ्यावे. थर इतका गोठला असेल की काढणे शक्यच नाही, तर त्यावर वाळू, राख किंवा भुसा पसरून हवा सुधारताच सफाई करण्याची मुभा आहे. बॉस्टनमध्ये बर्फ थांबल्यापासून 3 तास मिळतात, आणि रात्री पडला असेल तर सूर्योदयापासून 3 तास.

भरपाईचा विषय दंडाहून निराळा आहे आणि तेथे राज्यागणिक फरक पडतो. न्यूयॉर्क शहराने 2003 मध्ये पदपथावरील अपघाताचे दायित्व शहराकडून लगतच्या मालकाकडे वळवले. मात्र मालक स्वतः राहत असलेली, केवळ निवासी वापराची, तीन कुटुंबांपर्यंतची घरे त्यातून वगळली. मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये असे ठरवले, की बर्फ नैसर्गिकरीत्या साचला होता एवढ्या कारणावरून मालकाची सुटका होणार नाही. आपल्या मुलाचे घर ज्या इलिनॉय राज्यात आहे, तेथे याउलट नैसर्गिकरीत्या साचलेल्या बर्फाबद्दल मालकाला सहसा जबाबदार धरले जात नाही. शिवाय ज्या निवासी मालकाने पदपथ साफ करण्याचा प्रयत्न केला, त्याच्यावर केवळ त्या सफाईत उणीव राहिली म्हणून दावा लागू नये, असा संरक्षण देणारा कायदाही तेथे आहे. जाणूनबुजून केलेल्या बेपर्वाईला मात्र हे संरक्षण नाही. परंतु छताच्या पन्हळीतून गळणारे पाणी पदपथावर येऊन गोठले असेल, तर तो बर्फ नैसर्गिक मानला जात नाही. घरात गेल्यावर पन्हळीचे तोंड कोणीकडे आहे, हे एकदा अवश्य पाहून घ्यावे आणि घराच्या विम्यात अशा अपघाताचा समावेश आहे का, हे मुलाला विचारावे.

उत्तर – शाहूपुरीतील वकील

आपल्या जिज्ञासेपुरते लिहितो. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, 1949 च्या कलम 63 मध्ये महापालिकेची बंधनकारक कर्तव्ये दिली असून सार्वजनिक रस्ते व जागा झाडून स्वच्छ ठेवणे हे त्यांपैकी एक आहे. नागरिकावर जे बंधन आहे, ते प्रामुख्याने घाण न करण्याचे आहे. घनकचरा व्यवस्थापन नियमांनुसार कचरा रस्त्यावर, उघड्यावर किंवा नाल्यात टाकता येत नाही, आणि बांधकाम राडारोड्याच्या नियमांनुसार राडारोडा रस्त्यात टाकून वाहतुकीला अडथळा करता येत नाही. निसर्गाने आणून टाकलेली वस्तू समोरच्या मालकाने अमुक तासांत उचलावी, ही शिकागोच्या नियमामागची कल्पना मात्र याहून भिन्न आहे.

2019 च्या पुरात राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची पातळी 43 फुटांची धोका पातळी ओलांडून 55 फुटांच्याही वर गेली होती. पाणी उतरल्यावर व्हीनस कॉर्नर परिसरात व्यापाऱ्यांनी दुकानासमोरचा चिखल स्वतःच धुऊन काढला, तो कोणत्याही नोटिशीमुळे नव्हे, तर तो काढल्याशिवाय दुकान उघडणेच शक्य नव्हते म्हणून. असा नियम येथे आणावा का, असे कोणी विचारल्यास मी आणू नये असे म्हणेन. ज्याच्या घरात आधीच चार-पाच फूट पाणी शिरून गेले आहे, त्याच्यावर पदपथाचाही भार टाकणे अन्यायाचे होईल, आणि दुसरे म्हणजे आपल्याकडील अनेक रस्त्यांवर घरमालकाने साफ करावा असा सलग पदपथ तरी कोठे आहे?

प्रश्नकर्ता – ताराबाई पार्ककर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आणखी एक शंका आहे. माझे वय 67 असून मला रक्तदाबाचा त्रास आहे. फावड्याने बर्फ ओढणे मला झेपेल का, आणि मीठ टाकून काम भागेल का?

उत्तर – उत्तरेश्वर ते शिकागो

काका, फावडे आपण हाती घेऊ नये, असे मी स्पष्टच सांगतो. ओला बर्फ दिसतो त्याहून पुष्कळ जड असतो, आणि थंडीत रक्तवाहिन्या आकुंचन पावलेल्या असताना एकदम जोर लावल्याने हृदयावर ताण येतो. येथील डॉक्टर दर हिवाळ्यात याबाबत इशारा देतात. मुलाने निघण्यापूर्वी बर्फ काढणाऱ्या एखाद्या स्थानिक माणसाशी किंवा शेजारच्या मोठ्या मुलाशी ठरवून ठेवणे उत्तम. तसेच शिकागो शहराची स्नो कोअर नावाची योजना आहे, तीत ज्येष्ठ व अपंग नागरिकांना स्वयंसेवक मिळवून देण्याचा प्रयत्न केला जातो आणि 311 या क्रमांकावर त्यासाठी विनंती नोंदवता येते. स्वयंसेवक वेळेत मिळेलच याची हमी नसते, म्हणून केवळ तिच्यावर विसंबू नये.

मीठ हे बर्फ काढून झाल्यावर उरलेल्या पातळ थरासाठी असते, फूटभर बर्फासाठी नव्हे. साध्या खनिज मिठाचा उपयोग साधारण उणे 9 अंश सेल्सिअसच्या खाली फारसा होत नाही आणि जानेवारीत शिकागोचा पारा त्याहून खाली सहज जातो. अशा दिवसांसाठी कॅल्शियम क्लोराईडची पिशवी घरात असू द्यावी. ते मूठभर पसरले तरी पुरते, आणि जास्त टाकल्यास काँक्रीट व कडेची हिरवळ खराब होते. मुलाच्या गॅरेजमध्ये ती पिशवी आधीपासून असण्याची शक्यता आहे, तेव्हा नवी आणण्यापूर्वी त्याला विचारून घ्यावे.