मदत हवी आहे : कंपनीच्या इंट्रानेटवर कामाची चर्चा रुजवायची कशी?

नमस्कार मंडळी,

नाशिकमधील पत्र्याचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत मी गुणवत्ता विभाग सांभाळतो. आमचा एक कारखाना सातपूरला, दुसरा अंबडला आणि तिसरा सिन्नरजवळच्या माळेगाव एमआयडीसीत आहे. कंपनीच्या इंट्रानेटला (फक्त कर्मचाऱ्यांसाठीच्या अंतर्गत संकेतस्थळाला) अलीकडे नवे रूप मिळाले असून प्रत्येकाचे प्रोफाइल, विषयवार गट, टॅग आणि पोस्टखाली प्रतिक्रिया अशा सोयी तेथे आल्या आहेत. प्रत्यक्षात मात्र तेथे वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि व्यवस्थापनाची परिपत्रके यांपलीकडे फारसे काही दिसत नाही; कामाचे बोलणे सगळे व्हॉट्सॲपवर चालते.

त्याने काय नुकसान होते, ते सांगतो. अंबडच्या प्रेस शॉपमध्ये (पत्रा दाबून कापण्याच्या विभागात) एका ब्रॅकेटच्या भोकाला बर (कडेला उरणारी धातूची धारदार कोर) येत होता आणि पंचाला (भोक पाडणाऱ्या हत्याराला) धार लावूनही तो जात नव्हता. अखेर टूलरूममधील (हत्यारे आणि साचे दुरुस्त करणाऱ्या विभागातील) एका जुन्या फिटरने भिंगातून दाखवले की बर कडेला सगळीकडे सारखा नसून एकाच अंगाला जास्त आहे, म्हणजे पंच आणि त्याखालचा साचा (डाय) एका रेषेत बसत नाहीत. त्यांना रेषेत ठेवणारे गाइड बुश झिजलेले निघाले, ते बदलले आणि काम मार्गी लागले. ही माहिती फोटोंसह त्या पाळीच्या व्हॉट्सॲप गटावर पडली आणि सुप्रभाताच्या संदेशांखाली गाडली गेली. पुढे सातपूरला तशाच डायवर तसाच बर आला, तेव्हा तिथल्या सेटरने (यंत्रावर डाय बसवणाऱ्याने) पुन्हा धार लावण्यापासूनच सुरुवात केली. तो कसबी माणूस आहे. अंबडला सापडलेले उत्तर त्याच्यापर्यंत पोहोचायला वाट नव्हती, इतकेच. शिवाय ग्राहकांच्या ड्रॉइंगचे फोटो नोकरी सोडून गेलेल्यांच्या फोनमध्ये राहतात, ही काळजी वेगळीच.

सर्वांत मोठी अडचण अशी की ऑपरेटर आणि फिटर यांना कंपनीचा ईमेल नाही, आणि इंट्रानेटचे लॉगिन ईमेलवरच चालते. म्हणजे ज्यांच्या हाताला दोष आधी कळतो, तेच बाहेर! कर्मचारी क्रमांकावर लॉगिन देऊन प्रत्येक शॉपमध्ये एक सामाईक टॅब्लेट ठेवावा, असे माझे मत आहे. पण सामाईक टॅब्लेटवर प्रत्येकाने आपापले लॉगिन करावे ही शिस्त टिकते का, हे अनुभवी मंडळींकडून जाणून घ्यायचे आहे. टंकलेखनाचा कंटाळा असणाऱ्यांसाठी बोलून मराठीत लिहिण्याची सोय यंत्रांच्या आवाजात कितपत चालते, हेही सांगावे.

दुसरा प्रश्न भीतीचा. आपल्या शॉपमधला दोष उघडपणे लिहिला तर तो मूल्यमापनात आपल्याच अंगावर येईल, असे लोकांना वाटते, आणि ते चूक आहे असे मी म्हणू शकत नाही. व्यवस्थापन प्रत्येक पोस्टला गुण देऊन महिन्याचा विजेता निवडण्याच्या विचारात आहे. माझा याला ठाम विरोध आहे, कारण गुणांसाठी भरताड वाढेल आणि उपयोगाचे उत्तर पुन्हा तळाशी जाईल. ऑनलाइन समूहांत साधारण 90 टक्के लोक केवळ वाचतात, असे संकेतस्थळांच्या वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नीलसन यांनी 2006 मध्येच मांडले होते. तेव्हा न लिहिणाऱ्यांच्या मागे लागण्यापेक्षा वाचणाऱ्याला उत्तर चटकन सापडावे, याकडे लक्ष देणे मला अधिक गरजेचे वाटते. त्यासाठी टॅग कोणी ठरवावेत, आणि सुटलेल्या प्रश्नावर 'उत्तर मिळाले' अशी खूण कोणी करावी: विभागप्रमुखाने की टूलरूमने?

शेवटचा मुद्दा माहिती जपण्याचा. फेसबुकने 2016 मध्ये कंपन्यांसाठी आणलेली 'वर्कप्लेस' ही सेवा बंद करण्याचे मेटाने 2024 मध्ये जाहीर केले, त्यामुळे आमचे संचालक साशंक आहेत. सेवा पुरवणाऱ्याशी करार करताना फोटो आणि प्रतिक्रियांसह सगळा मजकूर बाहेर काढून घेण्याची अट कशी घालावी, याचा नमुना कोणाकडे असल्यास फार उपयोग होईल.

सातपूर, अंबड किंवा गोंदे परिसरातील एखाद्या कारखान्यात अशी व्यवस्था खरोखर चालू असेल, तर कृपया येथे कळवावे. तेथील व्यवस्थापनाची परवानगी मिळाल्यास टूलरूममधील एक-दोघांना घेऊन ती पाहायला येण्याची माझी तयारी आहे.