फ्रीबीएसडीवर मदरबोर्डची साउंड चिप ओळखली जाते, पण स्पीकरमधून आवाज येत नाही

दादरकर

नमस्कार. आमच्या वाचनालयातील एका जुन्या डेस्कटॉपवर फ्रीबीएसडी १४ (युनिक्ससारखी मोफत ऑपरेटिंग सिस्टम) बसवले आहे. दृष्टिहीन विद्यार्थ्यांना ध्वनिमुद्रित पाठ्यपुस्तके ऐकवण्यासाठीच हा संगणक वापरायचा असल्याने आवाज सुरू होणे अत्यावश्यक आहे. मदरबोर्डवर रिअलटेकची चिप असून एनव्हिडियाचे ग्राफिक्स कार्डही आहे. स्पीकर मागच्या हिरव्या जॅकमध्ये लावले आहेत आणि तेच स्पीकर मोबाइलला जोडले की व्यवस्थित वाजतात. 'डेव्ह' डिरेक्टरीतील 'एसएनडीस्टॅट' फाइल उघडल्यावर पुढील नोंदी दिसतात ('पीसीएम' म्हणजे आवाजाचे एकेक उपकरण):

पीसीएम०: एनव्हिडिया, एचडीएमआय, डिफॉल्ट
पीसीएम१: रिअलटेक, मागील ॲनालॉग
पीसीएम२: रिअलटेक, पुढील हेडफोन

प्लेअरमध्ये फाइल पुढे सरकते, त्रुटीचा संदेश येत नाही, मिक्सरमध्ये आवाज पूर्ण वाढवलेला आहे. इंटरनेटवरील सूचनांनुसार आवाज नियंत्रित करणारा अल्सामिक्सर हा प्रोग्राम शोधला, परंतु तो येथे सापडत नाही. वेगळा ड्रायव्हर बसवावा लागेल का?

गिरगावकर

ड्रायव्हर बसवण्याची गरज नाही. या चिपा इंटेलने २००४ साली आणलेल्या हाय डेफिनिशन ऑडिओ या मानकानुसार चालतात आणि त्यांचा 'एसएनडी_एचडीए' ड्रायव्हर नेहमीच्या जेनेरिक कर्नलमध्ये (प्रणालीच्या तयार गाभ्यात) आधीपासून असतो. तो नसता, तर आपण दिलेली यादीच दिसली नसती. अल्सा ही आवाजाची यंत्रणा लिनक्सचा भाग आहे. फ्रीबीएसडीने ओएसएसची (ओपन साउंड सिस्टम) पद्धत कायम ठेवली, त्यामुळे लिनक्ससाठी लिहिलेल्या सूचना येथे लागू पडत नाहीत.

आपल्या यादीतच उत्तर आहे. 'डिफॉल्ट' हा शब्द पीसीएम० समोर आहे, म्हणजे सारा आवाज एचडीएमआयच्या तारेतून मॉनिटरकडे जातो आहे आणि मॉनिटरला स्पीकर नसेल तर तो तिथेच संपतो. प्लेअरच्या दृष्टीने सर्व सुरळीत असल्यामुळे तो तक्रार करत नाही. सिस्-सीटीएल (चालू प्रणालीची सेटिंग बदलण्याची आज्ञा) वापरून 'एचडब्ल्यू.एसएनडी.डिफॉल्ट_युनिट' ची किंमत १ करा आणि प्लेअर बंद करून पुन्हा उघडा, कारण आधी उघडलेला प्रोग्राम जुन्याच उपकरणाला धरून बसतो. आवाज आला की तीच ओळ सिस्-सीटीएलच्या कॉन्फ फाइलमध्ये लिहून ठेवा, नाहीतर संगणक पुन्हा सुरू केल्यावर हा बदल राहणार नाही.

दादरकर

मनःपूर्वक आभार, मागचे स्पीकर वाजू लागले. मात्र विद्यार्थी पुढच्या जॅकमध्ये हेडफोन लावतात, तेव्हा आवाज स्पीकरमधूनच येत राहतो आणि हेडफोन मुके राहतात. विद्यार्थ्याला दर वेळी डिफॉल्ट बदलायला सांगणे योग्य वाटत नाही.

मुलुंडकर

हे वर्तन ड्रायव्हरच्या दोषामुळे नाही. कोणता जॅक कोणत्या गटात आहे, हे मदरबोर्ड बनवणारा बायोसमध्ये (बोर्डवरील मूळ सॉफ्टवेअरमध्ये) लिहून ठेवतो आणि ड्रायव्हर ते प्रमाण मानतो. आपल्या बोर्डवर पुढचा जॅक स्वतंत्र गटात आहे, म्हणूनच त्याचे वेगळे पीसीएम२ तयार झाले. दोन्ही जॅक एका गटात आणून पुढच्याला १५ हा क्रम दिला, की ड्रायव्हर त्याला हेडफोन समजतो आणि त्यात पिन शिरताच मागचे स्पीकर आपोआप बंद करतो.

मात्र आधी एक गोष्ट पाहावी. 'डेव्ह.एचडीएसी.०.पिनडंप' ला १ ही किंमत द्या आणि डीमेसेजमध्ये (कर्नलच्या संदेशांच्या नोंदीत) आलेला तक्ता वाचा. त्यात प्रत्येक पिनचा क्रमांक, गट, रंग आणि जागा दिलेली असते. ग्राफिक्स कार्डाचाही स्वतंत्र ऑडिओ कंट्रोलर असतो, त्यामुळे रिअलटेकसाठी ० ऐवजी १ लिहावे लागू शकते. बहुतेक रिअलटेक चिपांवर मागचा हिरवा जॅक २० आणि पुढचा हेडफोन २७ असतो, पण अंदाजावर न जाता तक्त्यातलेच आकडे घ्या. हेडफोन लावून एकदा आणि काढून एकदा असा तक्ता काढा. त्या पिनची स्थिती 'कनेक्टेड' वरून 'डिसकनेक्टेड' अशी बदलली, तरच पुढे जाण्यात अर्थ आहे.

ती बदलत नसेल, तर कॅबिनेट उघडून पुढच्या पॅनेलची तार पाहा. मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडवर जुन्या कॅबिनेटमध्ये नवा बोर्ड बसवून दिलेले संगणक सर्रास मिळतात आणि त्या कॅबिनेटच्या तारेला एसी'९७ (हाय डेफिनिशन ऑडिओच्या आधीचे मानक) व एचडी ऑडिओ असे दोन प्लग असतात. एसी'९७ चा प्लग लावलेला असेल, तर जॅक लागल्याची खूण चिपपर्यंत नीट पोहोचत नाही आणि मग कितीही सेटिंग बदलले तरी उपयोग होत नाही. पावसाळ्यातल्या दमट हवेने जॅकच्या आतली पत्ती गंजली असेल, तरीही हीच लक्षणे दिसतात.

दादरकर

कॅबिनेटमध्ये खरोखरच एसी'९७ चा प्लग लावलेला होता. तो काढून शेजारचा एचडी ऑडिओ लिहिलेला प्लग लावल्यावर तक्त्यातील स्थिती बदलू लागली. मागचा जॅक पहिल्या गटात आहे आणि पुढचा दुसऱ्या. आता गट बदलताना प्रत्येक वेळी संगणक पुन्हा सुरू करावा लागेल का?

मुलुंडकर

नाही. आधी चालू प्रणालीतच पडताळून पाहता येते. 'डेव्ह.एचडीएए' या शाखेत आपल्या चिपच्या 'एनआयडी२७_कॉन्फिग' ला (२७ च्या जागी तक्त्यातला पुढच्या जॅकचा पिन क्रमांक) 'एएस=१ सेक=१५', म्हणजे गट १ आणि क्रम १५, ही किंमत द्या आणि त्याच शाखेतील 'रीकॉन्फिग' ला १ द्या. सर्व प्लेअर आधी बंद करा, कारण ड्रायव्हर जुनी पीसीएम उपकरणे मोडून नवी तयार करतो. त्यानंतर एसएनडीस्टॅट पुन्हा वाचा. उपकरणांचे क्रमांक सरकलेले असू शकतात, म्हणून डिफॉल्टचा आकडाही तपासा. समाधान झाले की तीच किंमत 'हिंट' ने सुरू होणाऱ्या ओळीच्या रूपात बूट डिरेक्टरीतील डिव्हाइस.हिंट्स फाइलमध्ये लिहा.