मदत हवी आहे: समुद्रतळावरचा चुनखडीचा ऊझ खोलात गायब का होतो?

मंडळी, मुलगी अकरावीला आहे, भूगोल घेतलाय. सागरी निक्षेपांच्या धड्यावरून तिने मला पेचात पकडलंय.

सूक्ष्मजीवांची कवचं ३० टक्क्यांहून जास्त असली की त्या मऊ गाळाला ऊझ म्हणायचं, हे कळलं. ग्लोबिजेरिनाची कवचं चुन्याची, डायटम-रेडिओलेरियाची सिलिकाची, हेही कळलं. पण मालदीवच्या पाण्याखालच्या डोंगररांगेवर पांढरा चुन्याचा ऊझ आणि तिच्या पूर्वेला, भारताला मँगनीजच्या गोट्यांसाठी मिळालेल्या ७५,००० चौ. किमी पट्ट्यात सिलिकाचा, असं का? ग्लोबिजेरिना वर पृष्ठभागाजवळ दोन्हीकडे आहेतच की! चुना थंड पाण्यात विरघळतो म्हणावं, तर साखर उलट गरम पाण्यात लवकर विरघळते. मी वाणिज्य शाखेचा, त्यामुळे गाडी इथेच अडली.

प्रतिसाद १: साखर विसरा, गिझर आठवा. पाणी तापलं की कॉइलवर चुना बसतो. थंडीत, दाबाखाली आणि विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे तोच चुना विरघळतो. खोल समुद्रात तिन्ही एकत्र येतात. साधारण ४ ते ५ किमीखाली वरून येणारा चुना उरतच नाही. तुमची डोंगररांग या पातळीच्या वर, तो पट्टा ५ किमीच्या आसपास खोल.

सिलिका मात्र सगळीकडेच विरघळते. वर सिलिकाची कवचं असलेल्या जीवांचं पीक भरघोस असेल तिथेच ती साचण्याइतकी उरते, म्हणून अंटार्क्टिकाभोवती डायटमचा पट्टा. पीक नाही तिथे नुसती लाल माती.

धागाकर्ता: गिझर चपखल! पण सूक्ष्म शैवालांच्या कवचाची काही मायक्रॉनची चुन्याची चकती (कोकोलिथ) एवढं अंतर उतरेपर्यंत विरघळत कशी नाही?

प्रतिसाद २: एकटी उतरायला तिला वर्षानुवर्षं लागतील. पण कोपेपॉड (कोळंबीसारखे बारीक तरंगते जीव) ती खातात आणि त्यांच्या लेंड्यांतून ती काही आठवड्यांत तळ गाठते. (मुलीला सांगा, परीक्षेत ‘विष्ठा-गुटिका’ लिही.) तरी हजार वर्षांत थर वाढतो जेमतेम एक-दोन सेंटीमीटर.

धागाकर्ता: आता ती विचारतेय, कार्बन डायऑक्साइड वाढला तर ती पातळी वर सरकेल का?

प्रतिसाद १: सरकते. सुमारे ५.६ कोटी वर्षांपूर्वी कार्बन डायऑक्साइड वाढला तेव्हा सरकली होती. दक्षिण अटलांटिकमधल्या वॉल्व्हिस रांगेवर २००३ साली काढलेल्या गाळाच्या नळ्यांत पांढऱ्या ऊझच्या मधोमध लालसर मातीचा पट्टा आहे, तो त्याच काळाचा.