सुट्टीत नातवंडं येतायत, घरच्या घरी कोणती खेळणी करता येतील?

माडाखालची:
नमस्कार मंडळी. आम्ही दोघं गुहागरजवळ राहतो. मे महिनाभर नात (वय ७) आणि नातू (वय ४) पुण्याहून राहायला येतायत. लेकीने फोनवरच सांगून ठेवलंय, "आई, टॅब बरोबर देत नाहीये, आता तू आणि बाबा बघा." मला तर आनंदच झाला. घराभोवती माड, पोफळी, आंबे, पपई आहेत. पडवीत आणि खळ्यात जागा हवी तेवढी. ह्यांच्याकडे करवत, कोयता, पटाशी आहे आणि हातही चांगला चालतो. विकतचं काही आणायचं नाही असं ठरवलंय.

लहानपणी आम्ही आंब्याच्या बाठ्याची पिपाणी वाजवायचो. ती नेमकी कशी करतात? शेजारच्या वहिनी म्हणतात की ताज्या बाठ्याला सूरच येत नाही, ते खरं का? शिवाय चार वर्षांच्या हाताला जमेल आणि सात वर्षांच्या मुलीला पोरकट वाटणार नाही, असं काय करता येईल? आणि घराभोवतीचं काय काय मुलांच्या हाती लागू द्यायचं नाही, तेही सांगा.

कुडाळची बालवाडीताई:
काकू, पिपाणीचं आधी सांगते, कारण तिची तयारी आजच सुरू करायला हवी. तुमच्या वहिनी बरोबर बोलतात. पिपाणी होते ती रुजलेल्या बाठ्याची. म्हणून तर आपल्याला ती शाळा सुरू झाल्यावर मिळायची, पहिल्या पावसानंतर, झाडाखाली तांबूस पानांचे कोंब वर आले की. तुम्ही असं करा, आता जे आंबे खाल त्यांचे आठ-दहा बाठे माडाच्या आळ्यात, रोज पाणी जातं तिथे, अर्धवट पुरून ठेवा. दोन-तीन आठवड्यांत, कधी थोडं उशिरा, कोंब येतो. मग बाठा उपटून वरचं केसाळ कवच सोलायचं. आत दोन जाड दळं एकमेकांना चिकटून बसलेली दिसतील. चीक जाईपर्यंत धुऊन ती बी पायरीच्या खरखरीत दगडावर, थोडं थोडं पाणी टाकत, तिरकी घासायची. घासता घासता दोन दळांमधली फट उघडी पडते. तिथे ओठ लावून हलकी फुंकर मारायची. सूर नाही आला तर अजून थोडं घासायचं. हे घासायचं काम नातवाला द्या. त्याचा तास कुठे जाईल ते त्यालाही कळणार नाही.

एक गोष्ट मी प्रत्येक आईबापाला सांगत आले: खेळणं पूर्ण करून मुलाच्या हातात देऊ नका. आमच्या बालवाडीत एक मुलगा करवंटीच्या गाडीची दोरी रोज सोडायचा आणि पुन्हा बांधायचा. गाडी त्याने कधी ओढलीच नाही. जीभ बाहेर काढून, नाक दोरीला लागेल इतकं वाकून गाठ मारत बसायचा. गाठ बसली की माझ्याकडे बघायचा आणि लगेच सोडायचा. त्याचा खेळ तोच होता. मी जर ती गाठ एकदा पक्की मारून दिली असती, तर त्याचं खेळणंच काढून घेतल्यासारखं झालं असतं. काकांचा हात चांगला चालतो म्हणालात, म्हणून मुद्दाम लिहिते. त्यांना म्हणावं, भोकं पाडून द्या, जोडणी मुलांना करू द्या. चाक वाकडं बसलं तर वाकडंच फिरू दे.

आता दोघांना मिळून खेळता येईल असं. पोफळीची विरी, म्हणजे गळलेल्या झावळीचा बुडाकडचा रुंद, चिवट भाग. आपल्याकडे याहून चांगलं वाहन नाही. नुकती गळलेली घ्या, रुंद भागात धाकट्याला बसवा, देठाकडून थोरलीने ओढायचं. मग उलट करून बघतीलच, आणि तो ओढू शकत नाही म्हणून दोघं मिळून आजोबांना बोलावतील. खेळ खळ्यात नाहीतर गवतावरच. चिऱ्याच्या पायऱ्यांजवळ नको.

सात वर्षांचीला करवंट्यांवर चालायला शिकवा. सारख्या मापाच्या दोन जाड करवंट्या, वरच्या बाजूला भोक, त्यातून सुंभ ओवून आत मोठी गाठ. करवंट्या पालथ्या ठेवून त्यावर उभं राहायचं, सुंभ पायाच्या अंगठ्यात आणि वर हातात धरून टाक टाक चालायचं. आधी पडवीत भिंतीला धरून, मग खळ्यात. चार वर्षांच्याला हे अजून जड जाईल, त्याला करवंट्या वाजवायला द्या.

झावळीची भिरभिरी, साप, अंगठ्या तुम्हाला येतच असतील. पात हिरवी हवी, हीर काढून टाकलेली. आणि चिंध्यांची बाहुली एक तरी करा. जुन्या सुती लुगड्याचाच तुकडा घ्या. मऊ असतो आणि त्याला आजीचा वास असतो. नाक-डोळे नातीला काढू देत, बटणं मात्र लावू नका, धाकटा उपटून तोंडात घालील. तिला भातुकली बघायची हौस असली तर कधी सावंतवाडीला चितार आळीत घेऊन या. रंगवलेली लाकडी फळं आणि खेळणी तिथली जुनी ओळख आहे.

ताडगोळेवाला, पालघर:
आमच्याकडे ताडगोळ्यांची गाडी. गोळे काढून उरलेली दोन फळं म्हणजे चाकं, मधे एका बळकट काठीचा आस. एक लांब काठी घ्यायची जिला टोकाला बेचकं आहे, ते बेचकं आसावर टेकवून ढकलत पळायचं. चाकं दोन-तीन दिवसांत सुकून आकसतात, मग नवी लावायची. तुमच्याकडे ताड नसतील तर कोवळ्या शहाळ्यांचे बुडखे वापरून बघा, काकांना आस बसवणं अवघड नाही.

विज्ञानाचा मास्तर, सांगली:
सात वर्षांच्या मुलीसाठी माझ्याकडून काड्यांचे सांगाडे. सायकलच्या दुकानात व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी मिळते. तिचे बोटाच्या पेरापेक्षा लहान तुकडे करा, काडेपेटीच्या काड्यांचा गुल आधीच खरवडून टाका, आणि तुकड्याच्या दोन्ही तोंडांत काड्या खुपसा. तीन काड्यांचा त्रिकोण होतो, चारांचा चौकोन. मग तिला दोन्ही दाबायला सांगा. चौकोन लगेच लवंडून तिरका होतो, त्रिकोण हलत नाही. काहीही समजावून सांगू नका. थोड्या वेळाने ती स्वतःच चौकोनात कर्णासारखी एक तिरकी काडी बसवायला बघेल. मग घराच्या छपराखालच्या कैच्या आणि पुलाचे सांगाडे दाखवायला न्या, त्यात त्रिकोण का असतात ते तिला दिसेल. नळीच्या तुकड्याला मधे बाभळीच्या काट्याने भोक पाडून तिसरी काडी बसवली की सहा काड्या आणि असे चार सांधे यांतून पिरॅमिड उभा राहतो.

ही कल्पना अरविंद गुप्ता यांची. आयआयटी कानपूरचा इंजिनीयर, नोकरी सोडून आयुष्यभर टाकाऊ वस्तूंतून खेळणी करत राहिला. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत मुलांच्या विज्ञान केंद्रात त्यांनी बरीच वर्षं काम केलं, २०१८ साली पद्मश्री मिळाली. त्यांच्या संकेतस्थळावर शेकडो खेळण्यांची कृती फुकट आहे, मराठीतही. माझ्या वर्गात महागडं साहित्य कधीच नव्हतं, आणि या माणसामुळे त्याची खंत वाटली नाही.

बालरुग्ण विभागातली परिचारिका:
काकू, तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर कुणी दिलं नाही, म्हणून लिहिते. पिवळ्या कण्हेरीच्या बिया, म्हणजे बिट्ट्या. आपण त्यांनी खेळलो असू, पण त्या हृदयावर परिणाम करणाऱ्या विषारी बिया आहेत. चार वर्षांच्या मुलाच्या आसपास नकोच. गुंजाही तशाच, दिसायला सुंदर आणि फोडून चावल्या तर घातक. कुंपणाला मोगली एरंड (आमच्याकडे चंद्रज्योत म्हणतात) असेल तर त्याच्या बिया झाडून काढा. चव शेंगदाण्यासारखी लागते म्हणून मुलं खातात आणि उलट्या-जुलाबांनी आमच्याकडे येतात. दर वर्षी येतात. त्याच्या चिकाचे फुगे करायचा खेळ कितीही आवडता असला तरी करू नका. पपईच्या पानाच्या पोकळ देठातून साबणाच्या पाण्याचे फुगे तितकेच छान होतात, फक्त आत ओढायचं नाही हे आधी शिकवा.

आणि घरात रिमोट, वजनकाटा, जुनी वाजणारी शुभेच्छापत्रं यांतले बटणासारखे सेल मोजून कपाटात वर ठेवा. गिळलेला सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत जखम करतो. शंका आली तरी थांबायचं नाही, थेट दवाखाना.

माडाखालची:
सगळ्यांचे मनापासून आभार. आठ बाठे आजच आळ्यात पुरले. ह्यांनी कुंपण बघितलं, मोगली एरंड निघालाच, उद्या गडी येऊन उपटणार आहे. ताई, विरीबद्दल विचारायचं होतं. आत्ता खाली पडलेल्या सगळ्या सुकून कडक झाल्यात. मुलं येईपर्यंत नव्या नाही गळल्या तर?

कुडाळची बालवाडीताई:
सुकलेली विरी रात्रभर विहिरीच्या डोणीत दगड ठेवून बुडवा, सकाळी मऊ होते. कडा फाटल्या असतील तर तेवढ्या कोयत्याने छाटा आणि देठावरची पात काढून टाका, नाहीतर ओढणाऱ्याच्या हाताला कापते. दोन भिजवून ठेवा. पहिली दुपारपर्यंतच टिकेल.