पहूर-फर्दापूर नॅरोगेज (जी कधी झालीच नाही), चार बाय दीड फुटात बसेल का?

खिडकीशेजारी

नमस्कार मंडळी, इतके दिवस नुसतं वाचत होतो, आता हात शिवशिवायला लागलेत म्हणून विचारतो. घरात मॉडेल रेल्वे करायचीय. जागा म्हणजे हॉलमधल्या शोकेसचा वरचा भाग, चार फूट लांब आणि दीड फूट रुंद, त्यापुढे एक इंच सरकायची घरातून परवानगी नाही.

कल्पना अशी आहे की आपली जुनी पाचोरा-जामनेर लाइन, म्हणजे पीजे, अडीच फुटी गेज होती, ५६ किलोमीटर, त्यावर पहूर स्टेशन आणि पहूरहून अजिंठ्याची लेणी तशी जवळच, तर तिथून फर्दापूरला एक फाटा गेला असता तर? तो मी काढणार. काळ १९३५ च्या आसपास, साहेबलोक मुंबईहून पाचोऱ्याला उतरणार, मग छोट्या गाडीत बसून लेणी बघायला जाणार. टर्मिनस फर्दापूर, मागे डोंगर, वाघूर नदीवर लोखंडी पूल, एक बोगदा, गोल फिरणारा ट्रॅक आणि वाफेचं नॅरोगेज इंजिन झेडपी कारण ते दिसायला लई भारी.

आता प्रश्न. एका ओळखीच्यांकडे एचओ मापाचा जुना मॉडेल सेट मिळतोय तो घेऊ का त्याहून छोट्या एन गेजमध्ये जाऊ? आणि लाइन खोटी असली तरी बघणाऱ्याला "अरे ही कधी बंद पडली?" असं विचारावंसं वाटलं पाहिजे, ते कसं जमवायचं?

साडेसोळा_एमएम

तुम्ही नॅरोगेज निवडलं हे फार बरं केलंत, कारण ब्रॉडगेजवाल्यांचं रडगाणं तुम्हाला नाही. एचओचं प्रमाण १:८७, आणि त्याचा ट्रॅक १६.५ मिमी म्हणजे युरोप-अमेरिकेचं स्टँडर्ड गेज. आपलं ब्रॉडगेज १६७६ मिमी, भागिले ८७ केलं तर १९ च्या वर जातं, त्यामुळे एचओच्या रुळावर भारतीय डबा ठेवला की तो खालून अंग चोरल्यासारखा दिसतो. आता अडीच फुटी म्हणजे ७६२ मिमी, त्याला ८७ ने भागा. ८.७६. आणि एन गेजचा ट्रॅक किती, तर ९ मिमी! म्हणजे रूळ एनचे आणि वरचं सगळं, माणसं, डबे, झाडं, स्टेशन, एचओच्या मापाचं. ह्याला एचओई म्हणतात. ऑस्ट्रियात ७६० मिमीच्या बऱ्याच लाइनी आहेत म्हणून रोको, लिलिपुट वगैरे त्याची मॉडेल्स काढतात, पण महाग पडतात आणि वर कस्टम ड्युटी. स्वस्तात करायचं तर एन गेजची छोटी चेसिस घ्यायची आणि वरची बॉडी स्टायरीनच्या प्लास्टिक शीटची किंवा जाड कार्डशीटची आपण बनवायची.

तो जुना सेट फुकट मिळत असेल तर माणसं आणि घरं काढून घ्या, रूळ राहू द्या.

पुण्यात कोथरूडला जोशींचं मिनिएचर रेल्वेचं म्युझियम आहे, १९९८ पासून, ते एकदा बघून या. तुमच्यापेक्षा कैकपट मोठं आहे पण सिग्नल आणि लाइटिंगचं काम बघण्यासारखं आहे.

पीजेचा_प्रवासी

भो, मी पहूरकडचाच, त्यामुळे हे वाचून झोप उडाली. पण दोन गोष्टी खटकल्या, सांगून टाकतो.

पहिली, झेडपी १९३५ ला कुठून आणता? ती स्वातंत्र्यानंतरची, १९५४ ला जपानहून आली. तुम्हाला ३५ च पाहिजे असेल तर झेडडी सारखं काहीतरी घ्या, विदर्भातल्या यवतमाळ-मूर्तिजापूर नॅरोगेजचं, म्हणजे शकुंतलेचं ते प्रसिद्ध इंजिन १९२१ चं, मँचेस्टरला बनलेलं, आणि १९९४ पर्यंत वाफेवरच पळालं.

दुसरी, बोगदा कशाला? फर्दापूर घाटाच्या पायथ्याशी आहे, घाट चढायचाच नाही तर बोगदा कोण खणणार. असल्या लाइट रेल्वे पैसे वाचवायला बांधायचे, टेकडी आली तर वळसा मारायचा.

पण खरी गंमत तुम्ही सोडलीच राव! पहूर खानदेशात म्हणजे इंग्रजांच्या हद्दीत, आणि फर्दापूर निजामाच्या. मधे सरहद्द! निजामाची जकात वेगळी, त्याला करोडगिरी म्हणायचे, नाणंसुद्धा वेगळं, हाली सिक्का. म्हणजे तुमच्या टर्मिनसवर करोडगिरीची चौकी पाहिजे, गाडी आली की शिपाई डब्यात डोकावणार, कापसाच्या गाठी मोजणार. पाटी उर्दूत, मराठीत, इंग्रजीत. आणि लाइन कोणी बांधली ह्याचंही उत्तर तिथंच आहे, १९२० च्या सुमारास निजामाच्या पुरातत्त्व खात्यानं लेण्यांतली चित्रं वाचवायला इटलीहून जाणकार आणले होते, एवढा खर्च करणारं सरकार पाहुण्यांसाठी दहा-बारा मैल रूळ टाकेल हे कोणालाही पटेल.

फक्त साहेबलोकांवर लाइन चालणार नाही हं. ते येणार हिवाळ्यात. मे महिन्यात त्या उन्हात कोण लेणी बघतो? पोट भरणार कापसावर. म्हणून एक जिनिंग प्रेस टाका, तिची सायडिंग, म्हणजे डबे उभे करायचा बाजूचा रूळ टाका.

सुतारकाम_चालू

वरच्यांनी कापूस आणि चौकी दिली त्यामुळे ट्रॅक प्लॅन आपोआप निघाला बघा. गोल फिरवायचा नाद सोडा. दीड फूट म्हणजे ४५.७ सेंटीमीटर, आणि नॅरोगेजचा सेटट्रॅक (तयार वळणाचे रूळ) येतो तो ९ इंची रेडियसचा, म्हणजे डायमीटरच ४५.७, तुमचे रूळ शोकेसच्या बाहेर लटकणार. एनमध्ये १५ सेंटीमीटर रेडियसचे तुकडे मिळतात, बसतील, पण त्यावर चार चाकी डबे आणि बुटकं इंजिन चालेल, झेडपीसारखं लांब काही नाही. आणि १:८७ ला तुमचे चार फूट म्हणजे खरे जेमतेम १०६ मीटर, तेवढ्यात पूल, बोगदा, डोंगर आणि गोल कोंबलं तर जत्रेतला पाळणा होईल.

त्यापेक्षा इंगलनूक करा, म्हणजे डबे मागेपुढे करून लावायचं शंटिंगचं कोडं. दोन पॉइंट (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारे सांधे), तीन सायडिंग, एकीत पाच डबे मावतील आणि बाकी दोघींत तीन तीन, आणि पुढचा तुकडा एवढा की इंजिन अधिक तीन डबे उभे राहतील. आठ डबे असतात, चिठ्ठ्या काढायच्या आणि निघालेले पाच त्याच क्रमाने लावून गाडी तयार करायची. ऐकायला पोरखेळ वाटतो पण डोकं पिकतं. तुमच्याकडे लांब सायडिंग म्हणजे प्लॅटफॉर्म, दुसरी जिनिंगला, तिसरी चौकीच्या गोदामाला. डावीकडे रूळ कडुनिंबामागून बोर्डाबाहेर जातात, तिकडे पहूर आहे असं समजायचं. पुढेमागे जागा मिळाली तर तिकडे वाघूरचा पूल वेगळ्या बोर्डावर जोडा.

बेसबोर्ड १२ मिमी प्लाय, खाली पट्ट्यांची चौकट, वर एक्सपीएस, म्हणजे दाट फोमची शीट. नुसता थर्माकोल नको, कापताना दाणे घरभर होतात आणि मग शोकेसची परवानगीपण जाते.

राणीची_गाडी

मला नाही पटत. घरात लहान मूल असेल तर त्याला गाडी गोल फिरतानाच बघायची असते, शंटिंग बघून ते पाच मिनिटांत निघून जाईल. १५ च्या रेडियसचा गोल टाका, मागचा अर्धा डोंगराआड लपवा आणि सायडिंग आतल्या बाजूला घ्या.

खिडकीशेजारी

बाप रे, एवढं मिळेल वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. राणीची गाडी, घरात लहान मूल म्हणजे मीच, त्यामुळे इंगलनूक पक्कं.

पण झेडपी सोडवत नाही हो. वळणं नसतील तर लांब इंजिनाची अडचण नाही ना? मग काळच पुढे नेला तर, १९५५-५८?

पीजेचा_प्रवासी

चालतंय की, उलट जास्त मजा. ४८ ला निजामाचं राज्य गेलं, ५१ ला जुन्या जीआयपी रेल्वेची मध्य रेल्वे झाली, ५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला. म्हणजे चौकी उभी आहे पण काम संपलंय, खिडकीची दारं गेलीत, आत सरकीची पोती. भिंतीवर जुनी उर्दू पाटी अर्धी चुना मारून पुसलेली. एखाद्या वॅगनवर नवीन रंगाखालून जीआयपीची अक्षरं डोकावू द्या. असं काही दिसलं की बघणारा विचारणारच, कधी बंद पडली म्हणून.

मातीकाम

उशिरा आले पण जमिनीबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहिते. बाहेरची पावडर विकत घेऊ नका, तिकडचीच काळी माती मूठभर आणा, तव्यावर कोरडी भाजा, मैद्याच्या चाळणीतून चाळा आणि मग सगळ्यात महत्त्वाचं, पातळ प्लास्टिकच्या पिशवीत लोहचुंबक घालून त्या मातीवरून फिरवा. आपली माती बेसॉल्टची, त्यात लोखंडाचे बारीक कण असतात, पिशवीला काळी लव चिकटलेली दिसेल. ते कण राहिले तर इंजिनाच्या मोटरमधलं मॅग्नेट त्यांना ओढून घेतं आणि मोटर जाते. पिशवी बाजूला नेऊन उलटी करायची आणि मगच चुंबक काढायचं. चुंबकाला काही लागेनासं होईपर्यंत फिरवा.

रुळांमध्ये खडी फार घालू नका, असल्या लाइनींचे स्लीपर मातीत आणि गवतात अर्धे बुडालेले असतात. माती पसरून वरून फेविकॉल-पाणी, त्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब, ड्रॉपरने सोडा. पॉइंटच्या हलणाऱ्या पात्यांजवळ मात्र थेंबही नको, तिथं कोरड्या ब्रशने जेमतेम रंग द्या.

खिडकीशेजारी

हे लोहचुंबकाचं कुठेच वाचलं नव्हतं! फ्रिजवर चिकटवतात ते चालेल का?

मातीकाम

नाही, ते फार कमजोर असतं. जुन्या फुटक्या स्पीकरमधलं काढा.